न भिजवलेली चादर
भैरवगढची नवी छापील चादर आधी मिठाच्या पाण्यात भिजवावी, हे आमच्या उज्जैनमध्ये पोरासोरांनाही ठाऊक असतं. मी मात्र ती तशीच कॅम्पर व्हॅनमध्ये अंथरली. नव्या छापील कापडाचा वास आला की अजून सातपुड्यातली ती सकाळ आठवते. “मला कुणाची गरज नाही,” असं बायकोला ऐकवून मी एकटाच भटकायला निघालो होतो आणि पाच दिवस फोनही केला नव्हता. छताची झडप उघडी राहिली, पहाटे अवकाळी सर आली, अंगाखालच्या चादरीचा रंग सुटला, आणि सागाच्या जंगलात मी बनियनसकट लालभडक होऊन खाली उतरलो. मोहाची फुलं वेचणारी एक म्हातारी किंचाळलीच, “हाय राम, किसने मारा रे भैया?” नुसता रंग आहे हे कळल्यावर ती पोट धरून हसली, तिनं स्वतःच्या मडक्यातलं पाणी ओतून माझी पाठ घासून दिली, आणि मग म्हणाली, “घरवाली को मालूम है, कहाँ है तू?” “रेंज नाही,” मी फोन दाखवला. तिनं हाताला धरून मला रेंज येते त्या टेकाडावर नेलं आणि फोन लागेपर्यंत समोरून हलली नाही. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, “तिथंच थांबा. उद्याच्या गाडीनं येते मी. त्या बाईंना भेटायला, तुम्हाला नाही.”