कमरेचा पट्टा

आमच्या सोसायटीत तरुण म्हणजे मी. वय वर्षं एकसष्ट. हसू नका! बोईसरच्या या तीन मजली इमारतीत माझ्याहून लहान माणूस बघायचा असेल तर कुणाचा तरी नातू सुट्टीला यायची वाट बघावी लागते. आम्ही बहुतेक सगळे तारापूरच्या कारखान्यांत राबलेले. घरं घेतली तेव्हा खाली पोरांच्या क्रिकेटने काचा फुटायच्या आणि आम्ही गॅलरीतून ओरडायचो. आता पोरं पुण्याला, बंगळुरूला, माझी लेक तर थेट ऑस्ट्रेलियात. खालचा झोपाळा काढून तिथे बाकं टाकली. संध्याकाळी त्या बाकांवर गुडघे, साखर आणि व्हिसा सोडून चौथा विषय निघत नाही.

लेक सांगते, तिच्या गल्लीतही सगळे म्हातारेच आहेत. पण तिकडे घरं बैठी, दारात गाडी. आमच्याकडे लिफ्ट नाही. घर घेताना जिन्याकडे बघितलंय कुणी? तेव्हा आम्ही भाजीच्या पिशव्या घेऊन धावत चढायचो. आणि कारखान्यातल्या एकट्या पोरांना खोल्या भाड्याने द्यायच्या नाहीत हा ठराव आमचाच, गोंगाट नको म्हणून. आता गोंगाट नाही आणि उचलायला माणूसही नाही.

मग सगळं कुणी करायचं? तरुणाने. टाकीचा वॉल्व्ह बंद कर, मोबाईलवरून बिल भर, बीपीच्या मशीनचे सेल बदल. बेल वाजली की बायको म्हणायची, "जा, तरुणांना बोलावणं आलंय."

रविवारी सकाळचं काम मात्र ठरलेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकींना खाली उतरवायचं. काकी जवळच्याच दांडी गावच्या, कोळ्याघरची लेक. नवरा कारखान्यात होता, तो गेला, मूलबाळ नाही. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचं जग म्हणजे त्यांची खिडकी. पण रविवारी गेटवर दांडीची मासेवाली यायची, आणि मासे दुसऱ्याने निवडलेले काकींना चालायचे नाहीत. मग त्यांची निळी प्लास्टिकची खुर्ची, वरून शेजारचे निवृत्त मास्तर आणि खालून मी. भार सगळा माझ्यावर. मी मुद्दाम ओरडायचो, "काकी, भात कमी खा हो!" त्या खुर्चीत बसून खदखदा हसायच्या.

गेटवर पोचल्या की बघत राहावं. पापलेटचा कल्ला उचलायच्या, बोट लावायच्या आणि मासेवालीला म्हणायच्या, "कालचा हाय ना गं? मला शिकवतेस?" ती कपाळावर हात मारायची. अर्धा तास नुसती चंगळ. आठवड्यातून तेवढाच त्यांच्या पायांना जमिनीचा स्पर्श.

आणि मला त्याचाच कंटाळा आला. खरं सांगतो, दुसरं काही कारण नव्हतं. एका रविवारी पेपर हातात होता, चहा गरम होता, आणि बेल वाजली. माझं डोकंच फिरलं. कपाटात बायकोचा जुना कमरेचा पट्टा होता, तो बांधला, दार उघडलं आणि मास्तरांना म्हटलं, "कंबर धरली हो. डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केलीय."

"हे नाटक अंगाशी येईल," बायको म्हणाली. मी पेपर उघडला.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं. कुणी तेल आणलं, कुणी शेकायची पिशवी. माझ्या जागी खुर्ची धरायला कुणी नव्हतं; एकाचं बायपास, दुसऱ्याचा खांदा निखळलेला, आणि वॉचमन आमच्याहून म्हातारा. काकींनी दोरीला टोपली बांधून खिडकीतून सोडायला सुरुवात केली. मासेवाली काय द्यायची ते मी माझ्या गॅलरीतून बघत होतो. पोट फुटलेली मांदेली, डोळे बसलेले बोंबील. कल्ला बघणारं कुणी नव्हतं ना! काकींनी ब्र काढला नाही. उलट वरून विचारायच्या, "कंबर कशी हाय रे पोरा?"

मला लाज वाटायची. पण दर रविवारी पट्टा बांधला की उठावं लागायचं नाही, आणि ते सुख लाजेपेक्षा मोठं निघालं.

मग एका दुपारी गॅस संपला. डाळ अर्धी कच्ची, बायको वैतागलेली, आणि सिलिंडरवाला सिलिंडर गेटवर टाकून पसार. मी तणतणत गेलो, सिलिंडर खांद्यावर घेतला आणि वळलो. वर खिडकीत काकी. त्यांनी बघितलं, मी बघितलं. पट्टा घरी खुंटीला होता.

रविवारी टोपली खाली आली. वरून आवाज, "कंबर बरी हाय ना रे?"

तेव्हा तरी खरं बोलायचं. पण गेटवर सगळे उभे. मी म्हटलं, "अजून नाही हो काकी."

"बरं. जप," त्या म्हणाल्या.

दोन-चार दिवसांनी बघतो तर निळी खुर्ची गेटवर, वॉचमन तिच्यावर ऐसपैस. "तीसरे माले की आजी ने दिया," तो म्हणाला, "बोली, अब नीचे नहीं आना।"

मी पट्ट्याशिवाय तिसरा मजला चढलो. काकींनी दार उघडलं आणि आधी माझ्या कमरेकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "काकी, चुकलो. रविवारी उतरवतो तुम्हाला. खुर्ची परत आणतो."

"नको रे. तुला परत परत खोटं बोलायला लागतंय, म्हनून तर दिली."

त्या किती वाळल्या होत्या ते मला तेव्हा दिसलं. हातात घट्ट बसणाऱ्या बांगड्या सैल होऊन मनगटावरून घसरत होत्या.

"आजारी होतात का काकी?"

"नाय रे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माज्या वजनानंच तुजी कंबर गेली. म्हनून रातचा भात सोडला मी."