डाव्या हाताला स्वर

कोर्टात त्यांना सगळे एक्सप्रेसबाई म्हणत. साक्षीदार कितीही भरभर बोलो, वकील कितीही मध्ये तोंड घालोत, जज्जसाहेबांच्या खालच्या टेबलाशी बसलेल्या या बाईंची बोटं बोलणाऱ्याच्या बरोबरीनं धावत. टाइप करताना बाई ना बटणांकडे बघत, ना पडद्याकडे. नजर बोलणाऱ्याच्या ओठांवर. मध्येच पडद्यात डोकावणं म्हणजे आपल्याच बोटांवर संशय घेणं, असं त्यांना वाटे.

मग मनगटं दुखायला लागली. आधी दुखणं संध्याकाळपुरतं होतं, नंतर सकाळी पाण्याचं भांडं उचलतानाही हातातून निसटू लागलं. डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट करून पाहिले आणि स्पष्ट सांगितलं की इतकी वर्षं सगळा भार उजव्या हाताच्या कडेच्या बोटांनी सोसलाय. टायपिंग सोडा, नाहीतर अक्षरांची मांडणी बदला. किबोर्ड तोच राहील, पण कोणतं बटण दाबल्यावर कोणतं अक्षर उमटायचं ते बदलेल. नव्या मांडणीत स्वर सगळे डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. काम दोघांत वाटून जातं.

हेडक्लार्क माणूस वाईट नव्हता, पण काम अडता कामा नये हा त्याचा खाक्या. कोर्टाची मोठी सुट्टी लागत होती. सुट्टीत शिकून घ्या, म्हणाला. कोर्ट उघडेल त्या दिवशी जमलं तर खुर्ची तुमची, नाही जमलं तर रेकॉर्ड रूम. आणि ‘जवळ असलेली बरी’ म्हणून त्या खोलीची किल्ली त्यानं बाईंच्या खणात ठेवूनही दिली.

रेकॉर्ड रूम जिन्याखाली होती. तिथं गठ्ठे होते, धूळ होती, बोलणारं माणूस नव्हतं. घाबरलेल्या माणसाचा शब्द जसाच्या तसा कागदावर पोचवायचा, हे बाईंना देवानं दिलेलं काम वाटे. ते सोडून गठ्ठे मोजायचे, हे त्यांना मान्य नव्हतं.

घरी त्यांनी कंबर कसली. यजमान निवृत्त बसड्रायव्हर. बायको एकेका शब्दाला अडताना बघून म्हणाले, एक्सप्रेसची पार पॅसेंजर झाली की. पण रोज तेच तिच्या मनगटांना मलम चोळत, आणि नवी बस हाती आली तेव्हा आपणही आठवडाभर चुकीच्याच जागी गियर शोधत होतो, हे न विचारता सांगत.

सुट्टी संपत आली तेव्हा बाई ऑफिसात जाऊन हेडक्लार्कला म्हणाल्या, घ्या परीक्षा. त्यानं वर्तमानपत्र वाचायला घेतलं. सुरुवातीला बोटं चाचपडली, मग लय सापडली आणि बाई सुटल्या. नेहमीसारखी नजर त्याच्या ओठांवर. पान भरलं तेव्हा दोघं पडद्याकडे वळले. एकही शब्द धड नव्हता. वेग आला तशी बोटं गुपचूप जुन्या मांडणीवर जाऊन बसली होती, आणि बाईंनी ऐटीत पानभर कचरा टाइप केला होता.

हेडक्लार्कनं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "बाई, हे वाचायचं तर आता देवच पाहिजे."

बाई घरी आल्या त्या मान खाली घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी रोजची प्रार्थना म्हणायला बसल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. साक्षीदार, आरोपी, फिर्यादी हे शब्द बोटांनी इतके घोटले होते की ते जुन्या वाटेनंच पळत. पण ही प्रार्थना? लहानपणापासून रोज ओठांवर, आणि टाइप मात्र एकदाही केलेली नाही. हिची बोटांत जुनी वाटच नव्हती.

त्या तशाच उठून किबोर्डाशी बसल्या. डोळे मिटले आणि ओठ हलतील तशी प्रार्थना टाइप करू लागल्या. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. देवाला काय, तो ऐकून घेतो. हळूहळू डावा हात स्वर म्हणू लागला आणि उजवा त्याला साथ देऊ लागला. प्रार्थना सरळ उमटायला लागल्यावर त्यांनी तिच्या शेवटाला ‘साक्षीदार’ जोडला, मग ‘फिर्यादी’. तेही गुमान नव्या वाटेनं आले. मग यजमानांना समोर बसवलं आणि बोला म्हणाल्या. त्यांना तेवढंच हवं होतं.

कोर्ट उघडलं. पहिलीच साक्ष दूध पोचवणाऱ्या बाईची. आधीच घाबरलेली, त्यात बोलणं पाण्याच्या धारेसारखं. एक्सप्रेसबाईंनी मनात देवाचं नाव घेतलं, नजर तिच्या ओठांवर ठेवली आणि बोटं सोडली. दाराशी हेडक्लार्क उभा होता. त्याच्याकडे त्यांनी बघितलं नाही, पडद्याकडेही नाही.

मध्येच वकील उठला. फाटक उघडं होतं असं ही मघाशी म्हणाली, आता बंद म्हणतेय, साक्ष फिरवतेय, असा त्याचा आरोप. दूधवाली रडकुंडीला आली. "नाही हो साहेब, मी बंदच म्हणाले."

जज्जसाहेबांनी खाली पाहिलं. "बाई, काय म्हणाल्या त्या? वाचा."

आता पडद्याकडे वळावंच लागणार होतं. बाई वळल्या. अक्षर न् अक्षर जागेवर होतं.

"‘मी पोचले तेव्हा फाटक बंद होतं,’" त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "‘म्हणून मी दूध भिंतीवर ठेवलं.’"

वकील खाली बसला. दूधवालीनं पदरानं डोळे टिपले. साहेब म्हणाले, पुढे चला, आणि बाईंची बोटं पुढे निघालीसुद्धा.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी खणातली किल्ली काढली आणि हेडक्लार्कच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यानं ती खिशात टाकली आणि म्हणाला, "एक्सप्रेस वेळेवर आली म्हणायची."

"रूळ तेवढे बदललेत," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी घरी यजमान पुढे व्हायच्या आत त्यांनी पाण्याची भरलेली कळशी उचलली आणि ओट्यावर ठेवली. एक थेंबही सांडला नाही. यजमान मलमाची डबी हातात घेऊन बघतच राहिले.