प्रश्वाचा रंग

मला राग पटकन येतो. आठवीत विज्ञानाच्या मॅडमनी ताऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढायला लावल्या आणि माझ्या हाती 'प्रश्वा' आला, तेव्हाही मला राग आला होता. हे नाव कुणी कधी ऐकलं तरी होतं का? पण लायब्ररीत त्याचं पान उघडलं आणि रागबिग कुठल्या कुठे गेला. सूर्याच्या दुप्पट रुंद, दीडपट वजनाचा, जवळजवळ सातपट उजेडाचा, आणि ताऱ्यांच्या हिशेबात अगदी शेजारी. त्याचा उजेड साडेअकरा वर्षांत इथे पोचतो. म्हणजे आज दिसणारा उजेड निघाला तेव्हा मी दुडूदुडू चालत होते! मला तर बसवेना.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी धावतच शिरले. आई पोळ्या करत होती.

"आई, माझा तारा साडेसहा हजार डिग्री गरम आहे."

"अगंबाई. आणि हे मोजलं कुणी? कसं मोजतात?"

तिनं अगदी मनापासून विचारलं होतं. मला उत्तर येत नव्हतं, आणि येत नव्हतं म्हणूनच मी चिडले. "जाऊ दे, तुला नाही कळायचं," असं म्हणून मोकळी झाले. हे वाक्य आमच्या घरात बाबा म्हणायचे, दादा म्हणायचा. त्या दिवसापासून मीही म्हणायला लागले. आईनं पोळी उलटली.

फेब्रुवारीत शाळेचं प्रदर्शन होतं. त्यातलं एकच मॉडेल पुढे सगळ्या दिल्लीच्या प्रदर्शनात जाणार होतं, आणि ते माझंच जावं म्हणून मी जिवाचं रान करत होते. नियम एकच होता, घरच्यांची मदत चालणार नाही. पुस्तकात ताऱ्याचा रंग 'पिवळसर पांढरा' दिला होता, म्हणून मी थर्माकोलच्या गोळ्यावर पिवळं कापड चढवलं. आई कपडे वाळत घालायला निघाली होती, ती दारात थबकली.

"हा तारा आहे की बेसनाचा लाडू?"

"मग तूच सांग ना कसा असतो ते!"

"चल, दाखव मला. कुठे आहे तो?"

संध्याकाळी सात-साडेसातला आम्ही स्वेटर चढवून गच्चीवर गेलो. धुकं सरलं होतं. मी बोट दाखवलं. ती बघत राहिली आणि म्हणाली, "पांढराच आहे की." माझं तोंड एवढंसं झालं. मग तिची नजर खाली उजवीकडच्या लखलखीत व्याध ताऱ्याकडे गेली, परत वर आली, पुन्हा खाली गेली.

"थांब थांब. तो खालचा आहे ना, तो नीळ दिलेला पांढरा. आणि तुझा हा सायीचा. पांढऱ्याशेजारी पांढरा ठेवल्याशिवाय त्याचा रंग कळत नाही गं."

आमच्या ब्लॉकमधल्या बायका आईला साडी एकदा नुसती दाखवायच्या. ती साडी बरोबर न नेता सरोजिनी नगरच्या बाजारातून बरोब्बर मॅचिंग ब्लाउजपीस आणायची. रंग डोळ्यात ठेवते, म्हणायची. दुसऱ्या दिवशी तिनं प्रश्वा डोळ्यात ठेवून मला बाजारात नेलं. दुकानदारानं क्रीमचे गठ्ठेच्या गठ्ठे उलगडले. आई प्रत्येक तुकडा बाहेर उन्हात नेऊन बघे. "नहीं भैया, इसमें गुलाबी है." "ये तो मटमैला है." तो बिचारा कंटाळला, मी मात्र नाचत होते. शेवटी एका तुकड्यावर तिनं हात ठेवला आणि तिथून तो काढलाच नाही. "हाच."

घरी येऊन तिनं बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा निळीत बुडवला. तो व्याध. त्याचा गोळा मी किंचित लहान केला, कारण तो प्रश्वापेक्षा जरा लहानच आहे. आणि खरं सांगते, दोन्ही गोळे काळ्या कागदावर शेजारी ठेवले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. गच्चीवरचं आकाश टेबलावर आलं होतं.

प्रदर्शनात तपासायला एक म्हातारे प्रोफेसर आले. त्यांनी तळहातानं व्याध झाकला, तर प्रश्वा पांढराशुभ्र दिसायला लागला. हात काढला, की पुन्हा सायीचा. त्यांनी तीनदा असं केलं.

"रंग से क्या पता चलता है, बेटा?"

"गर्मी," मी म्हटलं. "हीटरची तार आधी लाल होते. आणखी तापवली तर पिवळी, मग पांढरी. त्याच्याही पुढे निळसर." हे मी हिंदीत कसंबसं सांगितलं, पण सांगितलं.

"बहुत अच्छे. और ये शेड पहचाना किसने?"

आई मागेच उभी होती. तिनं मला डोळ्यांनी खूण केली, तुझंच नाव सांग. 'मैंने' म्हटलं असतं तर काम झालं होतं.

"आईने," मी म्हटलं. "मेरी मम्मी ने. छत पर, आँखों से."

मॅडमनी कपाळावर हात मारला. प्रोफेसरांनी आईला हात जोडले आणि विचारलं, "आपने कैसे पहचाना?" ती आधी पदराशी चाळा करत होती. मग बोलायला लागली, आणि तिच्या मोडक्या हिंदीत पाच मिनिटं बोलत राहिली. ते ऐकत होते. दिल्लीच्या प्रदर्शनात शेवटी माझ्या मैत्रिणीचा ज्वालामुखी गेला, कारण नियम तो नियम.

मला रडू यायला हवं होतं. पण आम्ही दोघी गोळ्यांची पिशवी मधे धरून घरी चालत होतो आणि आईचे गाल लाल झाले होते. कोपऱ्यावर ती म्हणाली, "ते राहिलंच बघ. ताऱ्याची डिग्री मोजतात कशी?"

"रंगावरून. गच्चीवर तू मोजलीस, तशीच."

ती चालता चालता थांबली. "आणि सूर्य किती?"

"याच्याहून थोडा कमी. पाच हजार आठशे."

पुढचं मी सांगणार होते, पण तिला माझी गरज नव्हती. "मग सूर्य याच्यापेक्षा पिवळा असणार," असं म्हणून ती चालायलाही लागली.