कानडॉक्टरांचा राग

आमचे कानडॉक्टर पेशंटला ‘काय होतंय’ असं कधीच विचारत नसत. ‘काय घातलं होतंस कानात?’ हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि तोही असा गरजून की बाहेर नंबर लिहिताना माझं पेन अडायचं. महाडला त्यांच्या दवाखान्यात मी नऊ वर्षं काम केलं. पहिल्या वर्षी वाटायचं, हा माणूस डॉक्टर कमी आणि फौजदार जास्त आहे. मग लोक कानात काय काय घालून येतात ते पाहिलं आणि मीच त्यांच्याहून जास्त चिडायला लागले.

बायकांच्या बांगडीत अडकवलेल्या पिनांशी त्यांचं खास वैर. पोलादपूरकडची बाई खुर्चीत बसायच्या आधीच ते स्टीलचा ट्रे पुढे करत. “काढा. झाडून सगळ्या काढा.”

“साडीला लागते ओ डॉक्टर.”

“साडीला लागते ती कानात कशी जाते मग?”

पिना ट्रेमध्ये पडायच्या. जाताना परत मागायची कुणाची छाती नव्हती.

ते मूळचे दासगावचे. राग आला की शिकलेली मराठी गळून पडायची. “मळ म्हंजे घाण नाय रे! कानाची राखण करतो तो, आपसूक बाहेर येतो. त्याला आत ढकलणारा तू कोण?” तोंडाचा पट्टा असा चालू, पण हात जराही हलत नसे. कान धुवायचं पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघायचे, कारण गार पाण्याने पेशंटला गरगरतं.

माझे बाबा वीर स्टेशन ते महाड रिक्षा चालवतात. एका उन्हाळ्यात त्यांचा डावा कान बंद झाला. मागून आलेल्या ट्रकचा हॉर्न कळला नाही, थोडक्यात वाचले. डॉक्टर म्हणाले, मळ घट्ट बसलाय, पाच दिवस थेंब टाक, मग काढू. थेंबांनी मळ फुगेल, कान आणखी बंद वाटेल, घाबरू नकोस. तरी बाबा तिसऱ्याच दिवशी घाबरले. स्टँडवरचा दोस्त म्हणाला, “आण, मी काढतो,” आणि त्याने पिन घातली. त्या दोस्ताचा मला आजही संताप येतो, आणि कान पुढे करणाऱ्या बाबांचा त्याहून जास्त. कानातून रक्त आलं.

डॉक्टर बाबांना काही बोलले नाहीत. माझ्यावरच उलटले. “तू हितं बसतेस आन् तुझ्या घरात ही गत? इतकी वर्षं नुसते नंबरच लिहिलेस?” मला रडू आलं, रागाने. पडद्याला भोक पडलं होतं. आता पाणी मारणं धोक्याचं, म्हणून दुर्बिणीखाली बारीक नळीने ओढत, थोडा थोडा करत त्यांनी मळ काढला. “भोक बुजेस्तोवर पाण्याचा थेंब आत नको. आन् रिक्षा बंद.” बुजलंच नाही तर, हे विचारायचा मला धीर झाला नाही. बाबा दोन महिने ओट्यावर बसून होते.

भोक बुजलं. बाबांची रिक्षा सुरू झाली. त्याच वर्षी हात कापायला लागला म्हणून डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि मुलीकडे ठाण्याला निघाले. ‘खडूस होता’ एवढं बोलून लोक मोकळे झाले. अर्ध्या तालुक्याचे कान ज्याने उघडले, त्याला वीरला सोडायला आम्ही दोघंच. निरोपाचा एक शाल-नारळ द्यायला काय झालं होतं या गावाला?

फलाटावर बाबा बॅग घेऊन पुढे चालले होते. डॉक्टर त्यांच्या डाव्या बाजूला, जरा मागे थांबले आणि तोंडावर हात धरून पुटपुटले, “दामू, बॅग ठेव.”

बाबांनी बॅग ठेवली.

डॉक्टरांनी तोंडावरचा हात काढला. मग नेहमीचा आवाज लागला. “ऐकू येतंय, मग ऐकण्याच्या शेवटच्या तपासणीला का नाय आलास, गाढवा?” गाडी आल्यावर चढले, मागे वळून पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं.

परतताना एक मुंबईचा पाहुणा रिक्षात बसला. थोड्या वेळाने त्याने काडेपेटीतली काडी काढली आणि निवांत कानात फिरवू लागला. मी तोंड उघडणार, तोच बाबांनी आरशात पाहिलं आणि रिक्षा कडेला घेतली.

“काडी टाक, नायतर उतर.”

“काय काका, कान माझा हाय!”

“उतर!” बाबा असे ओरडले की तो बॅगेसकट खाली उतरला.

भर उन्हात त्याला तिथेच सोडून आम्ही महाडला आलो.