पानावरचा हात

"हात काढा पानावरचा," असं म्हणून आबा समोर उभे राहायचे. एका हातात आमटीची बादली, दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेलं ओगराळं. पाहुणा पानावर आडवा हात धरून नको नको म्हणत असायचा. आबा वाद घालत नसत, नुसते उभे राहत. ओगराळ्यातून आमटीचा गरम थेंब बोटांवर पडला की पाहुणा हात मागे घ्यायचा आणि तेवढी फट आबांना पुरायची.

अशा वाढप्याच्या तावडीत तुम्हीही कधीतरी सापडला असाल. महाड-बिरवाडी भागात माझा मंडप आणि भांडी भाड्याने द्यायचा धंदा आहे. लग्न असो, बारसं असो, पूजा असो, जिथे माझे टोप जात तिथे आबाही जात. त्यांना वेगळं बोलावणं लागत नसे. टेम्पोत सामान चढवून होईपर्यंत ते पुढे ड्रायव्हरशेजारी जागा धरून बसलेले असत. आता ती जागा रिकामी असते आणि ड्रायव्हर तिथे आपली पाण्याची बाटली ठेवतो.

लोकांची भूक त्यांना लांबून दिसायची. कोण भात कालवून थांबला आहे, कोण पानाच्या कडेने उगाच बोट फिरवतो आहे, कोणाची मान वाढप्याच्या दिशेने वळते आहे. जेवणाऱ्याला हाक मारावी लागली म्हणजे वाढप्याची लाज गेली, असं ते मानत. मात्र पोट भरणं नावाचा प्रकार त्यांच्या शास्त्रात नव्हता. नको म्हणणं हे पाहुण्याचं काम आणि वाढणं हे आपलं, एवढं सरळ होतं. बरेच पाहुणे नको म्हणत तेव्हा त्यांना खरंच हवंही असायचं, हे मी धंद्यात राहून पाहिलं आहे.

तुडील गावात आमची घरं शेजारी-शेजारी. आबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा बिरवाडीला कंपनीत होता आणि सून पोलादपूरकडच्या डोंगरातली, कमी बोलणारी. त्यांना मुलगी झाली. ती सहा महिन्यांची झाल्यावर सूनही एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला जाऊ लागली. सकाळी पोरीला अंगावर पाजून ती गाडी धरायची आणि दुपार कलली की परत यायची. मधल्या वेळात काढून ठेवलेलं दूध, नाचणीचं सत्त्व आणि मऊ भात. हे सगळं भरवायचं काम आबांकडे आलं. त्यांना कोण आनंद झाला. आयुष्यभर परक्यांना वाढलं, आता घरचा पाहुणा मिळाला होता.

आणि त्यांनी त्या पोरीला पंगतीतला पाहुणाच केलं. तिने तोंड डावीकडे फिरवलं की चमचा डावीकडून यायचा, उजवीकडे फिरवलं की उजवीकडून. ओठ मिटले तर हनुवटीखाली गुदगुली. तिने इवल्या हाताने चमचा ढकलला तर हे हसून म्हणायचे, "हात काढा, बाय." वाटी चाटूनपुसून रिकामी झाली की मला ओट्यावरून दाखवायचे. थोड्या वेळाने पोरगी सगळं ओकून टाकायची. मग पोट रिकामं झालं म्हणून पुन्हा वाटी.

पुढे पुढे तर वाटी दिसली तरी ती रडायला लागली. सुनेने आवाज चढवला नाही. पोरीचे कपडे दोरीवर वाळत घालता घालता तिने सासऱ्यांना सांगितलं, "आबा, एवढा आठवडा बघते. नायतर बायला पोलादपूरला आईकडं ठेवते."

त्या दिवशी आबा माझ्या भांड्यांच्या शेडमध्ये येऊन पालथ्या टोपावर बसले. मी चहा दिला तो तसाच हातात धरून ठेवला. पोरगी गेली तर त्या घरात दिवसभर ते आणि भिंती, हे त्यांना दिसत होतं आणि मलाही.

"पाव्हण्यावाणी नको नको करते," ते शेवटी म्हणाले. "आन मी वाढीत जातो. पन तिला खोटा कुठं बोलता येते रे? ती नको म्हणते तवा तिला नकोच आसते."

दुसऱ्या दिवसापासून ते भरवायला बसले की चमचा वाटीत ठेवून उजवा हात स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवायचे. हात आपोआप उठतो, त्याला सवयच तशी, म्हणायचे. पोरगी तोंड उघडून पुढे झुकली तरच हात सुटायचा. मला हसू यायचं, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नसायचं. पंगतीत शंभर माणसांवर फिरणारी नजर आता त्या एका चेहऱ्यावर बसली होती.

त्यांना हळूहळू ती उमगू लागली. भूक लागली की ती मूठ तोंडात घालते, ओठ चोखते, वाटीचा आवाज झाला की अख्खी पुढे येते. "रडली म्हंजे आपल्याला उशीर झाला," ते म्हणायचे. खायला लागते तेव्हा मुठी घट्ट असतात. मग घास सावकाश होतात, ती पंख्याकडे बघते, कोंबडीकडे बघते, तोंडातलं बाहेर ढकलते. आणि मूठ सुटते. मला हाक मारून दाखवलंही त्यांनी एकदा. बोटं पानासारखी पसरलेली, हात सैल पडलेला. "बास झाला," असं म्हणून त्यांनी तिचं तोंड पुसलं. वाटीत निम्मं सत्त्व शिल्लक होतं. त्या उरलेल्या वाटीकडे त्यांनी असं पाहिलं, की मला त्यांचीच कीव आली.

ओकणं थांबलं. सुनेने पोलादपूरचं नाव पुन्हा काढलं नाही. पोरगी आबांना बघून हात उचलू लागली आणि वाटी बघून हसू लागली.

धंद्यात मात्र पंचाईत झाली. बिरवाडीच्या एका लग्नात बुंदीच्या वेळी पाहुण्याने पानावर हात धरला. आबा त्या हाताकडे क्षणभर बघून "बरं" म्हणाले आणि पुढे गेले. तो गृहस्थ हात तसाच धरून बसून राहिला. त्याला बुंदी हवी होती हो. मुलीचा बाप मला बाजूला घेऊन विचारू लागला, की तुमचा म्हातारा रुसलाबिसला आहे का.

मग मुलाला कल्याणकडे जास्त पगाराची नोकरी मिळाली आणि तिघं गेली. यात कोणाची चूक नव्हती. आमच्याकडे माणसं जायचीच असतात. माझेही दोघे मुलगे तिकडेच आहेत.

आबा एकटे राहिले. सकाळचा भात संध्याकाळपर्यंत टोपात तसाच असायचा. मी विचारलं तर म्हणायचे, "मला भूक लागली का नाय तेच कळत नाय. समोर कोन जेवायला बसला म्हंजे कळते." म्हणून मी कधी कधी माझं ताट घेऊन त्यांच्या ओट्यावर जायचो. मी जेवायला लागलो की तेही दोन घास खायचे.

त्यांचा खरा जीव दुपारच्या फोनवर होता. सून तिकडे पोरीला जेवायला बसवलं की व्हिडिओ कॉल लावायची. पोरगी आता दीड वर्षाची झाली होती. फोन यायच्या आधी आबा आंघोळ करून धुतलेला सदरा घालायचे, डालड्याच्या जुन्या डब्याला मोबाइल टेकवायचे आणि समोर मांडी घालून बसायचे. पडद्यावर तिचा चेहरा यायचा. हे रिकामं ओगराळं फिरवून तिला हसवायचे. "आबा बघ, आबा बघ," असा सुनेचा आवाज यायचा आणि बाजूने एक चमचा येऊन पोरीच्या तोंडात जायचा.

एकदा मी शेजारी बसलो होतो. आबांचं ओगराळं फिरता फिरता थांबलं. ते तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तिचा हात दिसत होता. सैल, बोटं पसरलेली. चमचा येत होता आणि ती आबांकडे बघत तोंड उघडत होती.

"सूनबाय," ते म्हणाले, "जेवताना माझा फोन लावू नको."

तिला वाटलं त्यांना काही त्रास होतो आहे. मग ती म्हणाली, "आबा, तुमी दिसला नाय तर ती खातच नाय."

"खाईल. भूक लागली की खाईल. मी समोर आसलो म्हंजे पोट भरला ते तिला कळत नाय. तिचा सगळा लक्ष माझ्याकडं हाय."

संध्याकाळी लावत जाईन, असं ती म्हणाली आणि तिने ते मनापासून म्हटलं होतं. पण संध्याकाळी मुलगा कामावरून थकून येणार, तिचा स्वयंपाक, पाणी भरणं. फोन रविवारवर गेला. मग एखाद्या रविवारी राहून जाऊ लागला.

मला आबांचा राग आला, खरंच आला. पोरीच्या पोटात दोन घास जास्त गेले असते तर काय बिघडणार होतं, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "पंगतीत मी ह्याच म्हनायचो." मग उठून त्यांनी ओगराळं खुंटीला लावलं.

त्यानंतरही दुपारी ते आंघोळ करून धुतलेला सदरा घालत. डबा जागेवर असे, मोबाइल त्याला टेकवलेला असे. मी माझं ताट घेऊन गेलो तर हात करून मला बाजूला बसायला सांगत. डब्यासमोरची जागा मोकळी ठेवत.

आबांच्या शेवटच्या शिमग्याला मुलगा-सून पोरीला घेऊन आली. ती तीन वर्षांची झाली होती आणि पहिल्या दिवशी तिने आबांना ओळखलं नाही. आईच्या पदराआडून बघत राहिली. आबांनी तिला जवळ ओढलं नाही. पालखीच्या दिवशी देवळापुढे गावजेवण होतं, मंडप माझा होता. आबांनी सगळ्या पंगतींना वाढलं. सगळ्यात शेवटी वाढप्यांची पंगत बसली, तेव्हा त्यांच्या पानावर मी वाढलं. त्या दिवशी ते चांगले जेवले. मी भाताची बादली घेऊन दुसऱ्यांदा आलो तर त्यांनी पानावर हात आडवा धरला. मी हाताकडे पाहिलं आणि पुढे गेलो. मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

एवढ्यात पोरगी आईला सोडून आली आणि त्यांच्या पानासमोर उकिडवी बसली. तिने त्यांचा हात पानावरून उचलून बाजूला ठेवला. पानातला उरलेला भात मुठीत घेतला आणि त्यांच्या तोंडापुढे धरला. आबांनी तोंड उघडलं. तिने दुसरी मूठ भरली. निम्मा भात सदऱ्यावर सांडत होता.

त्यांचा हात जमिनीवर सैल पडला होता, बोटं पसरलेली. मला ते दिसत होतं आणि सुनेलाही दिसलं. ती म्हणाली, "पुरे गो बाय, आबांचा पोट भरला."

आबांनी तोंड फिरवलं नाही. मूठ यायच्या आधीच ते तोंड उघडून पुढे झुकत होते. पानावरचा भात संपत आला. मी बादली घेऊन परत फिरलो आणि त्यांच्या पानावर वाढलं, तिला कमी पडू नये म्हणून. आबांनी हात आडवा धरला नाही.