हसल्यावर दम तुटतो

वाशिमच्या मैदानावर मी रोज सकाळी पोट कमी करायला जातो. पोट तीन वर्षं जिथल्या तिथे आहे. पण एवढ्या फेऱ्या मारून आपल्याला माणसं ओळखता येतात, असा माझा समज मात्र वाढला होता.

तिथे थाळीफेक करणारी एक मुलगी येते. एकेक थाळी फेकून झाली की ती आम्हा चालणाऱ्या काकांशी गप्पा मारते, खिदळते. दुसरी आठशे मीटर धावणारी. हातात घड्याळ, ओठ घट्ट मिटलेले. मी हात हलवला तरी तिची नजर समोर. मी तिला घमेंडी ठरवून टाकलं.

निवड चाचणी चार दिवसांवर आली होती. ती पाणी प्यायला थांबली, तेव्हा मी न मागता सल्ला दिला, "पोरी, जरा हासत जाय. त्या थाळीवालीवानी."

"हासलं का दम तुटते, काका. थे फेकून झाल्यावर हासते. तुमाले जमते, तुमी चालून राह्यले."

मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी मीही ओठ आवळून धावलो. अर्ध्या फेरीतच, न हसता, माझा दम तुटला आणि मी मातीत फतकल मारली. मागून येणारी ती मला पाहून एकदम हसली. मग थांबली, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत राहिली.

"गेली ना फेरी माही!"

तिने घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं. मी उठून बाकावर बसलो, मैदानाकडे पाठ करून.