मंगलीचं सोंग

"तू जरा मंगली हो," आमच्या प्रकल्पाचे सर म्हणाले. "तुझ्याशिवाय कोणाला जमणार?"

चंद्रपुरातल्या एका हॉटेलचा हॉल. आम्ही बारा जण. भिंतीवर आमच्या सॉफ्टवेअरच्या आराखड्याचं मोठं चित्र, शेजारी एका बाईचा फोटो. डोक्यावर टोपलं. खाली लिहिलेलं : मंगली, वनोपज आणणारी, अक्षरओळख नाही. ही मंगली कुठंच राहत नव्हती. सॉफ्टवेअर कोणासाठी बांधायचं ते डोळ्यांपुढं राहावं म्हणून शहरात बसून कोणीतरी ती तयार केली होती. माल नोंदवताना अंगठा घेणाऱ्या मशीनपुढं ती कशी वागेल ते मी करून दाखवायचं. मी. त्या चित्रातले निम्मे चौकोन ज्या हातानं आखले, तो हात माझा होता.

मी उठले. मशीनला घाबरल्यासारखं केलं. अंगठा उलटा टेकवला. "बापा! हा डबा मले खाते का?" म्हणाले, आणि मुद्दाम जास्त हेल काढला. हॉल हसला. मीही हसले. कोणी जबरदस्ती केली नव्हती, हे आधीच सांगून टाकते. माझी आई भामरागडकडच्या गावात राहते, खरंच वनोपज आणते, पण ती असं बोलत नाही. तिची बोली माडिया. मशीनला ती घाबरतही नाही. ते सोंग मी हॉलमधल्या लोकांच्या डोक्यातून उचललं होतं. मला ते बरोबर ठाऊक होतं, म्हणून छान जमलं.

काम असं होतं. वनोपज घेणाऱ्या संस्थांसाठी एक नमुना आराखडा. रेफरन्स आर्किटेक्चर. तो एकदा मान्य झाला की पुढं प्रत्येक संस्थेचं सॉफ्टवेअर त्याच साच्यातून निघणार. सिंदेवाहीचं, राजुऱ्याचं, भामरागडचंही. म्हणून तीन दिवस त्याची परीक्षा. प्रत्येकानं अडचणीचा प्रसंग चिठ्ठीवर लिहून भिंतीवर लावायचा. मग मतदान, प्रत्येकाला तीन लाल टिकल्या. ज्या प्रसंगाला टिकल्या जास्त, त्यावर आराखडा तपासायचा. ज्याला एकही नाही, तो बाद.

माझी चिठ्ठी : "पुरानं रस्ता बंद, टॉवर बंद. पंधरा दिवस. माणूस माल घेऊन खरेदी केंद्रावर उभा. काय करायचं?"

हे काही बसल्याबसल्या सुचलेलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात आमच्या गावाजवळच्या केंद्रावर या आराखड्याची चाचणी चालू होती. आई मोहाच्या बिया घेऊन, दोन नाले ओलांडून गेली. केंद्रावरचा माणूस भला होता. म्हणाला, "बाई, सर्व्हर नाई लागून राह्यला. मी काय करू? मशीन घेऊच देत नाई." वजनकाटा चालू होता. गोदाम रिकामं होतं. माणूस हजर होता. तरी आई ओझं घेऊन परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. बियांना बुरशी लागली, तिनं त्या घरामागं ओतून टाकल्या. आराखड्यात आधी वरच्या सर्व्हरला विचारायचं, मगच माल घ्यायचा, असा एक बाण होता. तो बाण मी आखला होता. आख म्हणाले, आखला.

टिकल्या लावायची वेळ आली. मी माझ्या चिठ्ठीपुढं उभी राहिले. सोंग करून अर्धा तासही झाला नव्हता. वाटलं, इथं टिकली लावली तर म्हणतील, मंगलीनं मंगलीला मत दिलं. मी तिन्ही टिकल्या "एकाच वेळी हजार लोक आले तर" या प्रसंगाला लावून टाकल्या. हजार लोक! आमच्या केंद्रावर दहा माणसं जमली तरी बाजार भरल्यासारखं वाटतं.

सरांनी माझी चिठ्ठी भिंतीवरून काढली. "तुझं अक्षर ना? स्वतःलाच पटलं नाही वाटतं." पुन्हा हशा. चिठ्ठी टेबलावर पडली. कोणीतरी तिच्यावर चहाचा कप ठेवला.

जेवायला मी एकटी बसले. आईला फोन लावला, लागला नाही. गावचा टॉवर चार दिवसांपासून बंदच होता. लागला असता तरी काय सांगणार होते? तुझी नक्कल केली, लोक हसले? आश्रमशाळेतल्या पहिल्या दिवशीही मी इतकी एकटी नव्हते. तेव्हा निदान मी माझ्या बाजूनं होते.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. आराखडा सर्व प्रसंगांत टिकला, सर्वानुमते मान्य. खाली बारा नावं, अकरा सह्या. माझ्या शेजारी बसणाऱ्या राजुऱ्याच्या सहकाऱ्यानं पेन पुढं केलं. "कर नं वं. काऊन थांबून राह्यली?"

"नाई करत, भाऊ. हे आमच्याकडं चालत नाई."

सर आले. "कालपर्यंत तर तुझं काही म्हणणं नव्हतं."

"होतं, सर. मला लाज वाटत होती."

"अगं, तो अपवाद आहे. एका कोपऱ्यातला."

"तिथं माणसं राहतात, सर."

मी पेन घेतलं. "सर्वानुमते" खोडलं. खाली लिहिलं : मान्य नाही. संपर्क तुटला तरी केंद्रानं माल घेतला पाहिजे, नोंद तिथंच ठेवून नंतर वर पाठवली पाहिजे. हा आराखडा ते करू देत नाही. त्यातला चुकीचा बाण माझा आहे. परवा करून दाखवलेली बाईही खोटी आहे. मग सही केली.

मान्यता अडली आहे. आता मला आराखडे काढायला देत नाहीत, दुसऱ्यांच्या चुका शोधायला बसवतात. राजुऱ्याचा भाऊ बोलतो, पण डबा दुसऱ्या टेबलावर उघडतो. मला त्रास होतो. खूप होतो.

पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा आहे. मला बोलावलेलं नाही. मी जाणार. आधी हॉलमधली इंटरनेटची वायर काढीन. मग म्हणेन, आता माल घेऊन दाखवा. घेता आला नाही तर माझी सही नाही. नोकरी राहो न राहो.